डब्यावरचे आकडे

श्रोतेहो, नमस्कार.

परवा मी बाळाच्या दुधाचे तीन डबे टेबलावर ओळीनं मांडून पाहिले. नाव तेच, रंग जवळपास सारखाच, कोपऱ्यातलं अस्वलाचं पिल्लूही तेच. एकावर ठळक 1, दुसऱ्यावर 2, तिसऱ्यावर 3. शाळेच्या इयत्ताच जणू! पहिली झाली की दुसरी. पुढचा डबा आणला नाही तर आपलं बाळ मागे पडेल, असं आईला वाटणारच.

कायद्याच्या नजरेत मात्र हे तीन डबे वेगवेगळे आहेत. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या भाषेत 6 ते 12 महिन्यांचं, म्हणजे साधारण 2 च्या डब्याचं बाळ, ते ‘मोठं शिशू’ आणि वर्ष उलटल्यापासून तीन वर्षांपर्यंतचं, म्हणजे 3 च्या डब्याचं, ते ‘लहान मूल’. व्याख्या अशी वेगळी झाली की नियम बदलतात, आणि मुख्य म्हणजे जाहिरातीची मुभा बदलते.

1981 साली जागतिक आरोग्य सभेनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेनं, एक संहिता मंजूर केली. आईच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात लोकांपुढे करू नये, असं ती सांगते. पर्याय म्हणजे काय? आईच्या दुधाच्या जागी, पूर्ण किंवा थोडंफार, म्हणून जे विकलं जातं ते सगळं. मग ते त्यासाठी योग्य असो वा नसो. हे शेवटचे शब्द मला फार मोलाचे वाटतात. डब्यात काय भरलंय यापेक्षा तो कशाच्या जागी खपवला जातो, यावर त्यांचं बोट आहे.

पुढे 1986 मध्ये याच सभेनं स्पष्ट म्हटलं, की सहा महिन्यांनंतरचं म्हणून काही देशांत दिलं जाणारं हे खास दूध गरजेचं नाही. आणि लगेच 1987 मध्ये कोडेक्सनं त्याच दुधासाठी मानक काढलं! त्यात व्याख्या होती ती ‘आहारातला द्रव भाग’ अशी. पर्याय हा शब्दच नाही. मग विक्रेते म्हणू लागले, आमचं दूध पर्याय नव्हेच, संहिता आम्हाला लागू नाही.

पण आठ महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं? वाटीभर डब्याचं दूध आत गेलं की तेवढं अंगावरचं पिणं कमी होतं. बाळ कमी ओढतं, मग दूधही कमी येऊ लागतं. ही जागा घेणं नाही तर काय?

म्हणूनच 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकलं जाणारं असं दूध पर्यायातच मोजायला सांगितलं. कोडेक्समध्ये जवळजवळ दहा वर्षं खल झाला आणि 2023 च्या अखेरीस नवं मानक आलं. मोठ्या शिशूंचं दूध आता स्पष्टपणे ‘आईच्या दुधाला पर्याय’ ठरलं. वर्षावरच्या मुलांचं मात्र ‘विविध आहारातला द्रव भाग’च राहिलं, काही देशांत तेही पर्याय मानतात, एवढं तळटीपेत आलं. इतका मोठा वाद तळटीपेत ढकलावा, हे मला पटत नाही. एक चांगलं झालं: एका डब्याच्या लेबलावरून दुसऱ्याची जाहिरात करायला या मानकानं मनाई केली आहे. पण कोडेक्स म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक देशानं तो आपापला करायचा. युरोपीय संघात 12 महिन्यांपुढच्या दुधाला अजून स्वतंत्र व्याख्या नाही.

तेव्हा डबा हातात घ्याल, तर मोठ्या आकड्याखालची बारीक ओळ वाचा: किती महिन्यांसाठी, आणि पदार्थाचं खरं नाव काय. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरचं दूध द्यायचंच असेल, तर साधं जनावराचं दूध द्यावं, डब्याच्या दुधाची शिफारस नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्येच सांगितलं आहे.

नमस्कार.