शहाळं आणि चार दाणे

मंडळी, नाशिककरांना गुरू ग्रहाची ओळख करून द्यायला उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीच्या रामकुंडावर पाय ठेवायला जागा उरत नाही. सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला ११ वर्षं १० महिने लागतात, म्हणून आपला सिंहस्थ कुंभमेळा साधारण बारा वर्षांनी. पण गंमत बघा. मुख्य स्नानं होतात तेव्हा सूर्यही सिंहेतच असतो, म्हणजे गुरू त्याच्या उजेडात बुडालेला. २०१५ साली २९ ऑगस्टला पहिलं शाही स्नान झालं, तेव्हा तो आकाशात दिसतच नव्हता. ज्याच्यासाठी एवढी गर्दी, तो गैरहजर! तेव्हा मुलांना गुरू दाखवायचा तर सिंहस्थाची वाट बघू नका.

मी पूर्वी फार आकडे सांगायचो. पृथ्वीच्या अकरापट व्यास, पोटात तेराशे पृथ्व्या मावतील, वगैरे. मुलं माना डोलवायची. मग एकदा गच्चीवर दुर्बीण लावली. एका मुलानं डोळा लावला नि म्हणाला, "काका, एवढंच?" त्याचं काय चुकलं? पुस्तकातल्या रंगीत फोटोनंतर हा वाटाण्याएवढा पांढुरका गोळा!

आता मी पिशवी घेऊन जातो. पृथ्वी म्हणजे एक द्राक्ष, दीड सेंटीमीटरचं. मग गुरू होतो शहाळ्याएवढा. त्याचे चार मोठे चंद्र म्हणजे चार दाणे: आयो आणि युरोपा हे दोन मूग, कॅलिस्टो त्यांहून थोडा मोठा दाणा, आणि गॅनिमीड हरभऱ्याहून किंचित बारीक. हा गॅनिमीड चंद्र असूनही बुध ग्रहापेक्षा मोठा आहे, हे सांगितलं की मोठी माणसंच जास्त चकित होतात. आयोचा मूग शहाळ्यापासून अर्ध्या मीटरवर धरायचा, कॅलिस्टोचा दाणा सव्वादोन मीटरवर. आणि द्राक्ष? गुरू जवळात जवळ येतो तेव्हासुद्धा सातशे मीटर लांब. मी एका मुलाला द्राक्ष देऊन पाठवतो. अर्ध्या वाटेत तो ते खाऊन टाकतो, ते सोडा.

शहाळ्यात निदान मलई तरी असते. गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, खाली खाली दाटत जाणारा हायड्रोजन आणि हेलियम. एवढं धूड दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतं. आयोवर ज्वालामुखी धगधगतात, कारण गुरू आणि शेजारचे चंद्र त्याला सतत ओढून पिळून काढतात. युरोपाच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, असं मानायला चांगले पुरावे आहेत. ते तपासायला 'युरोपा क्लिपर' हे यान २०२४ च्या ऑक्टोबरात निघालंय, पोहोचेल २०३० मध्ये. आज चौथीत असलेलं पोर तेव्हा हायस्कूलमध्ये असेल.

पण खरी मजा वहीत आहे. १६१० साली ७ जानेवारीला गॅलिलिओनं गुरूशेजारी एका रेषेत तीन ठिपके पाहिले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. ९ तारखेला ढग! १० तारखेला दोनच. १३ तारखेला चार. त्यानं दर रात्री चित्र काढलं म्हणून त्याला कळलं, की हे तारे नव्हेत, गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, या समजुतीला मोठा तडा गेला.

ही वही तुमचं पोरही करू शकतं. १० बाय ५० चा, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा साधा बायनॉक्युलर पुरतो, फक्त तो हातात धरू नका, गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून त्यावर टेकवा. मधे गोल, बाजूला ठिपके, तारीख नि वेळ. बस.

आमच्या गच्चीवर येणाऱ्या एका मुलीनं आठ वाजता तीनच ठिपके काढले. "काका, काल चार होते. एक कुठे गेला?" आयो गुरूच्या मागे गेलाय, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "साडेदहाला परत बघ." ती दहालाच जिना चढून आली, वही काखेत मारून.