वाळलं म्हणजे भाजलं नव्हे

नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत गणपतीच्या आधी पावसानं उघडीप दिली की मातीच्या मूर्ती ओळीनं वाळायला बाहेर येतात. वाळून कडक होतात, तरी विसर्जनाच्या पाण्यात त्यांची पुन्हा मातीच होते. मडकं मात्र एकदा आव्यातून निघालं की उन्हाळाभर पाणी धरून ठेवतं. ऊन फक्त ओल काढतं. मातीच्या कणांच्या घडणीतच बांधलेलं पाणी बाहेर पडायला ५०० अंशांच्या आसपासची आच लागते.

हीच गोष्ट आता काचेत पाहू.

नागपुरातल्या एका कॉलेजची ही प्रयोगशाळा. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, पाण्यासारख्या पातळ द्रावणाचे थेंब पडतात. चकती मिनिटाला ३००० फेरे घेते, जास्तीचं द्रावण कडेनं उडून जातं आणि मागे केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ थर उरतो. हीच ‘स्पिन-ऑन ग्लास’. नावात काच असली तरी ती अजून काच झालेली नाही.

चकती हॉटप्लेटवर जाते. आधी ८० अंश, मग १५०, मग २५०, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर. यात मुख्यतः द्रावक उडून जातो. थर हाताला कोरडा लागतो, आणि नवा माणूस फसतो तो इथेच.

खरं काम ४०० ते ४२५ अंशांच्या भट्टीत होतं. थरातल्या सिलिकॉनच्या कितीतरी अणूंना ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लटकलेली असते. शेजारच्या दोन जोड्या जवळ आल्या की पाण्याचा एक रेणू सुटतो आणि दोन सिलिकॉनच्या मध्ये ऑक्सिजनचा पूल बांधला जातो. असे पूल वाढत जातात, जाळं घट्ट होतं, थर आक्रसतो. खालचा सिलिकॉन काही आक्रसत नाही, म्हणून थरावर ताण येतो. आमची पहिली चकती आम्ही मधल्या पायऱ्या गाळून सरळ भट्टीत घातली होती. बाहेर आली तेव्हा उन्हाळ्यात तळ कोरडा पडलेल्या तलावासारख्या भेगा तिच्यावर होत्या.

म्हणूनच काही द्रावणांत सिलिकॉनला मिथाइल गटही, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचे गट, जोडलेले असतात. ते पूल बांधत नाहीत, त्यामुळे जाळं थोडं सैल राहतं, भेगा टळतात आणि पाणीही दूर राहतं. पण तापलेल्या भट्टीत ऑक्सिजन शिरला की हे गट जळतात आणि त्यांच्या जागी पुन्हा पाणी ओढणाऱ्या जोड्या येतात. म्हणून भट्टीत सतत नायट्रोजन वाहता ठेवतात. आच किती दिली हे सगळे विचारतात. भट्टीत हवा कोणती होती, हेही तितक्याच आग्रहानं विचारायला हवं.

पाण्याची एवढी धास्ती कशासाठी? हा थर चिपमध्ये तारांच्या मधला विद्युतरोधक असतो. विद्युतक्षेत्रात पदार्थ किती भार साठवू देतो त्याचं माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक; तारांच्या मध्ये तो कमी असलेला बरा. शुद्ध सिलिकाचा हा स्थिरांक ३.९, पाण्याचा ८० च्या आसपास. थोडीशी ओलही हिशेब बिघडवते.

जुलैत आम्ही दोन चकत्या आठवडाभर टेबलावर उघड्या ठेवल्या. एक २५० अंशांवर थांबवलेली, दुसरी भट्टीत पूर्ण भाजलेली. मग दोन्हींचा इन्फ्रारेड आलेख काढला, म्हणजे थर कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो ते पाहिलं. पाणी आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या ज्या जागी दिसतात, त्या ३४०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास भाजलेल्या चकतीची रेघ जवळपास सपाट होती. दुसरीच्या रेघेवर तिथेच रुंद उंचवटा आला होता. नागपूरचा पावसाळा तिच्यात मुरला होता.