सप्टेंबरच्या गाण्यातला ऑक्टोबर

मित्रहो, अमेरिकन गायक-कवी बॉब डिलनच्या गाण्यांचे अर्थ लावण्याचा उद्योग गेली साठ वर्षे चालू आहे, आणि त्याची परमावधी ए. जे. वेबरमन या गृहस्थांनी गाठली. १९७०च्या सुमारास ते न्यूयॉर्कमधील डिलनच्या घराबाहेरचा कचरा उपसून त्यात गाण्यांच्या किल्ल्या शोधत असत. त्यांना आपण हसतो. परंतु कचऱ्यात हात न घालता तीच चूक आपणही करत असतो.

‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ हे गाणे घ्या. हा ‘घनघोर पाऊस’ म्हणजे क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उद्भवलेल्या पेचप्रसंगातून बरसणारा अण्वस्त्रांचा पाऊस, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. १९६३च्या रेकॉर्डच्या वेष्टनावरील मजकुरानेही या समजाला खतपाणी घातले. प्रत्यक्षात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी त्या क्षेपणास्त्रांची वार्ता जगाला दिली २२ ऑक्टोबर १९६२ रोजी, आणि डिलनने हे गाणे कार्नेगी हॉलमध्ये म्हटले होते २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर एक महिना आधी. रेडिओवरील मुलाखतकार स्टड्स टर्केल यांच्याशी बोलताना, हा अणूंचा पाऊस नव्हे, असे खुद्द डिलननेही सांगितले होते.

या बादरायण संबंधात खरी हानी होते ती गाण्याच्या घडणीची. आई विचारते, मुलगा उत्तर देतो: कुठे होतास, काय पाहिलेस, काय ऐकलेस, कोण भेटले, आता काय करणार? ही चौकट ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या स्कॉटिश-इंग्रजी लोकगीताची आहे, आणि त्यातला मुलगा प्रेयसीने घातलेल्या विषाने मरणाच्या दारात उभा राहून आईला उत्तरे देतो. ते लोकगीत ज्याच्या कानात आहे त्याला डिलनच्या पहिल्याच प्रश्नात मृत्यूची चाहूल लागते. त्यासाठी क्षेपणास्त्रांची गरज पडत नाही. ऑक्टोबरमध्ये भेदरलेल्या श्रोत्याला या गाण्यात आपली भीती सापडली, यात वावगे काहीच नाही. मात्र ‘मला हे ऐकू आले’ आणि ‘कवीने हे दडवले होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दुसऱ्यासाठी पुरावा लागतो.

मग कवीलाच विचारावे काय? ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’मधील वादक म्हणजे अमली पदार्थ विकणारा, असा तर्क लढवला गेला होता. डिलनने १९८५मध्ये खुलासा केला, की हे गाणे गिटारवादक ब्रूस लँगहॉर्न यांच्या भल्यामोठ्या डफावरून सुचले. झाले, आता तो डफच किल्ली ठरला! पण या गाण्यातल्या माणसाला झोप नाही, जायला ठिकाण नाही, समोरचा रस्ता रिकामा आहे, आणि तरीही तो कुणाच्या तरी मागे जायला तयार आहे. त्या डफाचा घेर कितीही मोठा असला, तरी हा माणूस एवढा थकलेला का, हे त्यातून कळत नाही.