पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये शैवालाची शेती

[दृश्य: उंचावरून पवनचक्क्या, खाली पिवळे बोये]

नेदरलँड्सचा किनारा सोडून 18 किलोमीटर आत गेलं की हॉलंडसे कुस्ट झाउट हा समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प सुरू होतो. 139 पवनचक्क्या, एकेक 11 मेगावॅटची. मधल्या पाण्यात तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरना बंदी. मच्छीमारांची त्यावर तक्रार आहे, तो वाद जुना. या मोकळ्या पाण्यात ऑगस्ट 2024 मध्ये नॉर्थ सी फार्मर्स या संस्थेने शैवालाची शेती उतरवली. ॲमेझॉनने 15 लाख युरो दिले. आराखडा 10 हेक्टरचा, पहिल्या वर्षाचा अंदाज किमान 6,000 किलो ओल्या शैवालाचा.

[दृश्य: बोया आणि ताणलेला दोर, जवळून]

नीट पाहा, शैवालाचा दोर पवनचक्कीच्या खांबाला बांधलेला नाही. बांधला तर लाटांचा सगळा हिसका खांबाच्या पायावर जातो, आणि दोर तुटून अडकला तर सोडवायला पवनचक्कीच बंद करावी लागू शकते. म्हणून दोर तळाशी धरून ठेवणारे, जहाजासारखे नांगर वेगळे, तेही विजेच्या केबलपासून लांब. खांब लाटा अडवतात, हा गैरसमज आहे. एवढ्या अंतरावरच्या खांबांमधून उत्तर समुद्राची लाट जशीच्या तशी पुढे जाते.

[दृश्य: रोपवाटिका, लाल दिवे]

पीक मात्र जमिनीवर सुरू होतं. जात शुगर केल्प, थंड पाण्यातलं लांब पानाचं तपकिरी शैवाल. पक्व पानावर बीजाणूंचे गडद पट्टे धरतात. ते कापून पुसायचे, ओलसर कागदात गुंडाळून रात्रभर थंड अंधारात ठेवायचे आणि सकाळी गार, गाळलेल्या समुद्रपाण्यात सोडायचे. थोड्या वेळात पाणी चहासारखं तपकिरी होतं. ते बीजाणू. त्यांतून आधी एक सूक्ष्म पिढी उगवते. लाल उजेडात ती नुसती वाढत राहते, फळत नाही. त्यामुळे बी महिनोन्‌महिने सांभाळता येतं. पांढऱ्या उजेडात, 10 अंशांच्या आसपास, पीव्हीसी नळीवर गुंडाळलेल्या बारीक सुतळीवर चार ते सहा आठवड्यांत मिलिमीटरभर रोपं दिसू लागतात.

[दृश्य: बोटीवर नळी, तिच्यातून सरकणारा जाड दोर]

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी. जाड दोर नळीच्या पोकळीतून ओढला जातो आणि सुतळी उलगडून त्याच्यावर वेढे घेत जाते. वेढा घट्ट हवा. सैल राहिला तर रोप फक्त सुतळीला धरतं, जाड दोरापर्यंत त्याची पकड पोचतच नाही, आणि फेब्रुवारीत पान वजनदार झालं की सुतळीसकट गळून जातं. नळी शेवटच्या क्षणापर्यंत पाण्यात बुडवून ठेवायची. वारा-उन्हात रोपं काही मिनिटांत वाळतात.

[दृश्य: हिवाळी वादळ, बुडणारा-वर येणारा बोया]

दोर पृष्ठभागाखाली एक-दोन मीटर टांगलेला असतो. फार वर असेल तर लाट पानं फाडते, फार खाली गेला तर उजेड कमी पडतो. ढिला दोर लाटेसरशी झटक्यात ताणला जातो आणि तो झटका शॅकलवर, म्हणजे दोर जोडणाऱ्या धातूच्या कडीवर येतो. शॅकलची पिन तारेने बांधलेली नसेल, तर ती फिरत फिरत निघून येते. दोराच्या टोकाच्या फासात धातूची खोबण नसली की घासून धागे तुटतात. पाहणीसाठी बोट हवी, पण लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की माणसं उतरवत नाहीत. हिवाळ्यात असे दिवस सलग लागतात. पवनचक्क्यांच्या देखभालीच्या बोटी शेतीलाही वापरता आल्या तर खर्च खाली येईल.

[दृश्य: काढणी, क्रेनला लटकलेली पानं]

एप्रिल-मेमध्ये पान भरतं आणि तेव्हाच घाई सुरू होते. पाणी तापू लागलं की पानावर पांढरी जाळी धरते, ब्रायोझोआ नावाचे सूक्ष्म प्राणी. जाळीचं पान ठिसूळ होतं, खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. आठवडाभर उशीर झाला तरी प्रत उतरते. कापलेल्या मालात 85 ते 90 टक्के पाणी. लगेच थंड केला किंवा वाळवला नाही तर कुजतो.

कार्बनचं म्हणाल, तर शैवाल तो शोषतं हे खरं. खाल्लं की बराचसा परत हवेत जातो.

[दृश्य: बांबूचा तराफा, तमिळनाडू]

आपल्याकडे तमिळनाडूत कप्पाफायकस हे कोमट पाण्यातलं शैवाल बांबूच्या तराफ्यावर साधारण 45 दिवसांत काढणीला येतं. त्याच राज्याच्या समुद्रातल्या 500 मेगावॅट पवनऊर्जेसाठी केंद्राने 2024 मध्ये मदत मंजूर केली. तिथल्या कोमट पाण्यात शुगर केल्प जगणार नाही, आणि उथळ, शांत पाण्यासाठी केलेला तराफा उघड्या समुद्रात टिकणार नाही. पीक तिथलंच राहील. नांगर, दोर आणि शॅकल मात्र नव्याने बसवावे लागतील.