लोहाची लाल गोळी: दिली जाते, पण घेतली का जात नाही?

नमस्कार. गरोदरपणातील काळजीविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते बहुधा आहार आणि डोहाळे यांच्यातच संपते. आज मी मात्र मुख्यतः एकाच वस्तूविषयी बोलणार आहे, ती म्हणजे आशाताई घरी आणून देतात ती लोहाची लाल गोळी.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी, असे आढळले. गोळी तर सरकारी केंद्रात मोफत मिळते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस ती घ्यायची असते. तरीही अनेक घरांत तिची पाकिटे फळीवर तशीच पडून राहतात.

याचे कारण निष्काळजीपणा असते, असे मला वाटत नाही. गोळी घेतल्यावर मळमळते, बद्धकोष्ठता होते, शौचाचा रंग काळा होतो. हे होणार आहे असे आधी कुणी सांगितलेले नसेल, तर घाबरून गोळी बंद करणे स्वाभाविकच आहे. त्यात घरातले कुणीतरी म्हणते की या गोळीने बाळ काळे होते. केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही आणि लोहाच्या गोळीने काळे होत नाही, हे सासूबाईंच्या समोरच सांगितले गेले तर अधिक बरे.

म्हणून तपासणीला गेल्यावर गोळ्या घेऊन लगेच निघू नका. त्या कशा घ्यायच्या, ते विचारा. गोळी जेवणानंतर सुमारे तासाभराने घेतल्यास मळमळ कमी होते. चहा, कॉफी किंवा दुधासोबत ती घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबू किंवा आवळ्याने मात्र मदत होते. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत न घेता दोन तासांच्या अंतराने घ्यावी. शौच काळे होणे निरुपद्रवी आहे. मळमळ फारच असह्य झाली, तर गोळी परस्पर सोडून न देता डॉक्टरांना सांगावे.

पहिल्या तीन महिन्यांत केवळ फॉलिक ॲसिड दिले जाते, म्हणून नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी. नोंदणीच्या वेळची धरून निदान चार तपासण्या व्हायला हव्यात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा आणि हिमोग्लोबिन व रक्तदाबाचे आकडे त्यात लिहून घ्या.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र ९ तारखेची वाट पाहू नये; १०२ किंवा १०८ वर फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे.