अंजन गवत, दूरच्या वाळवंटात

नमस्कार, श्रोतेहो.

दुष्काळी पट्ट्यात ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत, त्यांना अंजन गवताची ओळख करून द्यायला नको. अंजनाचा वृक्ष वेगळा. मी गवताबद्दल बोलते आहे. राजस्थानात त्याला धामण म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीत ते येतं, पावसाने डोळे वटारले तरी ठोंब जिवंत राहतं आणि चार सरी पडल्या की पुन्हा फुटवे धरतं. गुरं आवडीने खातात. झाशीची कुरण आणि चारा संशोधन संस्था, जोधपूरची काझरी म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, या संस्थांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

याच गवताला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने २००५ साली घातक तण म्हणून जाहीर केलं. तिकडे त्याचं नाव बफेलग्रास.

ते तिथे आपणहून गेलं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली. अतिचराईने उघडी पडलेली माती धरून ठेवायची आणि गुरांना चाराही द्यायचा, यासाठी तिथल्या मृदसंधारण खात्याने जगभरच्या कोरड्या मुलखांतून गवतांचं बी मागवलं. त्यांतला केनियाच्या तुर्काना भागातला एक वाण टेक्ससमध्ये उत्तम ठरला आणि १९४६ मध्ये तो शेतकऱ्यांसाठी खुला झाला. त्या माणसांना मी दोष देणार नाही. माती डोळ्यांदेखत उडून जात असताना कुणीही असंच काहीतरी शोधलं असतं. पण पुढे सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, मूळचा झाडोरा यंत्रांनी सपाट करून हे गवत पेरलं गेलं, ते मात्र मन विषण्ण करणारं आहे.

आता हे वाळवंट कसं आहे, ते सांगते. ॲरिझोना आणि सोनोरा, दोन्हीकडे पसरलेल्या या सोनोरन वाळवंटात झाडं आणि निवडुंग विरळ उभे असतात. मध्ये मोकळी, खडकाळ जमीन. वीज पडून एखादं झाड पेटलं, तरी आग सहसा तिथल्या तिथे विझते, कारण पुढे जळायला काही नसतं. म्हणूनच तिथल्या झाडांना आग सोसायची सवयच नाही. अंजन गवत नेमकं त्या मोकळ्या जागा भरून टाकतं. कोरड्या महिन्यांत ते वाळतं, आणि मग एक ठिणगी अख्ख्या डोंगरउतारावर धावते. आगीनंतर गवताचे बुडखे पुन्हा फुटतात. निवडुंग फुटत नाहीत. गवत आणखी दाट होतं, पुढची आग आणखी मोठी होते.

यात सगळ्यात मोठा घाव बसतो तो सवारो या निवडुंगावर. चित्रांत हात वर करून उभा असलेला जो उंच निवडुंग आपण पाहतो, तोच हा. पहिल्या काही वर्षांत तो जेमतेम बोटभर वाढतो. पहिलं फूल यायला साधारण ३५ वर्षं, आणि ते हात, म्हणजे फांद्या, फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात. तोहोनो ओओदम हे तिथले मूळचे लोक. उन्हाळ्यात लांब काठ्यांनी ते सवारोची फळं पाडतात, त्यांचा पाक करतात, आणि पाऊस यावा म्हणून होणाऱ्या सोहळ्यात त्याच फळांचं मद्य पितात. आज जळालेल्या सवारोच्या जागी नवा रुजला, तरी त्याचं फळ पुढची पिढीच पाडणार.

ऑस्ट्रेलियातही हीच गत. एकोणिसाव्या शतकात आपल्या उपखंडातून उंट आणि उंटवाले तिकडे गेले. त्यांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून याचं बी पसरलं, असं सांगतात. नंतर चाऱ्यासाठी आणि धूळ बसवण्यासाठी ते मुद्दामही पेरलं गेलं.

मग आपल्याकडे ते का माजत नाही? मला वाटतं, इथे त्याला खाणारी तोंडं आणि कापणारे विळे पुष्कळ आहेत. शेजारी बरोबरीची गवतं आहेत. उलट अतिचराई झाली की आपल्याकडे अंजन मागे हटतं आणि कुसळी गवतं वाढतात. ज्या गुणांसाठी आपण त्याला जपतो, तेच गुण तिथे नडतात. भर म्हणजे, त्याचं बी बहुधा फलनाशिवायच धरतं, त्यामुळे वस्ती वसवायला एकच ठोंब पुरतं. केसाळ कुसळांचं हे हलकं बी जनावरांच्या अंगाला, माणसांच्या कपड्यांना चिकटतं, वाऱ्यावर रस्त्याकडेने पसरत जातं.

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या आसपास स्वयंसेवक पहारी घेऊन डोंगर चढतात आणि ठोंब मुळासकट उपटतात. एकदा उपटून भागत नाही. मातीतलं बी काही वर्षं तग धरतं, म्हणून त्याच उतारावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. ग्लायफोसेटसारखं तणनाशक लागू पडतं, पण पान हिरवं असतानाच, म्हणजे उन्हाळी पावसाच्या थोड्या आठवड्यांत. आणि सोनोरातले पशुपालक याच गवतावर गुरं पोसतात, त्यांना ते हवंच आहे. तेव्हा एकीकडे पेरणी आणि दुसरीकडे उपटणी, दोन्ही चालू आहेत. ॲरिझोनातला पाऊस ओसरला, पान पिवळं पडलं, की फवारणीचे पंप ठेवून दिले जातात आणि पुन्हा पहारी हातात येतात.

नमस्कार.