बारा मुले, पाच पाने

पडद्यावर दिसतो आहे तो निबंध अवघ्या पाच पानांचा आहे. गोवराच्या एकत्रित लसीमुळे मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) येते, ही भीती याच निबंधातून पसरली. ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या २८ फेब्रुवारी १९९८ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. आज तो उघडला, तर निबंध मागे घेण्यात आल्याचा ठळक लाल शिक्का पानापानांवर तिरका उमटलेला दिसतो. शिक्क्याखालचा मजकूर मात्र अजूनही वाचता येतो आणि शेवटाकडच्या चर्चेत एक छोटे वाक्य सापडते: गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची एकत्रित लस आणि येथे वर्णन केलेला आजार यांच्यात संबंध असल्याचे आम्ही सिद्ध केलेले नाही.

निबंधाच्या तेरा लेखकांत पहिले नाव होते डॉ. अँड्र्यू वेकफील्ड यांचे. अंकाच्या तारखेच्या दोन दिवस आधी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये पत्रकार परिषद झाली आणि तेथे वेकफील्ड यांनी तिन्ही लसी एकत्र देण्याऐवजी सुट्या सुट्या द्याव्यात, असे मत मांडले. निबंधात अशी शिफारस कोठेही नव्हती. तरीही घराघरांत पोचली ती हीच शिफारस, कारण ती एका नामांकित रुग्णालयातील डॉक्टरच्या तोंडून आली होती.

निबंधात बारा मुलांची हकीकत होती. त्यांपैकी आठ मुलांच्या वागण्यातील बदलाचा संबंध त्यांच्या पालकांनी किंवा डॉक्टरांनी लसीशी जोडला होता. ही लस मूल साधारण वर्षाचे झाल्यावर देतात आणि स्वमग्नतेची लक्षणे आईवडिलांच्या ध्यानात येऊ लागतात, तीही त्यानंतरच्याच महिन्यांत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसे हे होते. बोलू लागलेले मूल अचानक बोलेनासे झाले, तर आईबाप कारण शोधणारच. त्या शोधासाठी त्यांना दोष देणे आम्हाला मुळीच पटत नाही. योगायोग आणि कारण यांतला फरक त्यांना समजावून सांगणे हे डॉक्टरचे काम होते आणि नेमके तेच येथे झाले नाही.

पुढची काही वर्षे ब्रिटनमध्ये या लसीची चर्चा थांबली नाही. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या धाकट्या मुलाला ती दिली आहे की नाही हे सांगण्यास २००१ मध्ये नकार दिला, तेव्हा शंका आणखी वाढली. इंग्लंडमध्ये निबंधापूर्वी ९० टक्क्यांच्या वर असलेले लसीकरण २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर घसरले. गोवर पसरू द्यायचा नसेल, तर सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते. आपल्याकडे गोवर म्हणजे अंगावर पुरळ उठून आपोआप बरे होणारे दुखणे, अशी समजूत अजूनही आढळते. प्रत्यक्षात त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते आणि मूल दगावू शकते.

सत्य बाहेर काढण्याचे काम एका पत्रकाराने केले. ‘संडे टाइम्स’चे ब्रायन डीअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये दाखवून दिले की लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवू पाहणाऱ्या वकिलाच्या माध्यमातून वेकफील्ड यांच्या संशोधनासाठी ५५,००० पौंड आले होते आणि वाचकांपासून ही गोष्ट लपवून ठेवण्यात आली होती. निबंध छापून येण्यापूर्वीच, जून १९९७ मध्ये, गोवराच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी त्यांच्या नावाने अर्जही झाला होता. हे उघड होताच, मार्च २००४ मध्ये, तेरापैकी दहा लेखकांनी निबंधातून काढलेल्या अर्थाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलपुढे २००७ साली वेकफील्ड यांची चौकशी सुरू झाली. तेथे सिद्ध झालेल्या गोष्टींपैकी एक जवळून पाहण्यासारखी आहे. वेकफील्ड यांच्या मुलाच्या वाढदिवसाला लहान पाहुणे जमले होते. त्या मुलांच्या दंडातून संशोधनासाठी रक्त काढण्यात आले आणि मोबदला म्हणून प्रत्येकाच्या हातावर पाच पौंड ठेवण्यात आले. पुढे कॅलिफोर्नियातील एका भाषणात वेकफील्ड यांनी हा प्रसंग गमतीने सांगितला. रुग्णालयातील मुलांच्या बाबतीत तर प्रकार याहून गंभीर होता: वैद्यकीय गरज नसताना काहींच्या आतड्यांत नळी घालून तपासणी केली गेली, काहींच्या पाठीतले पाणी काढले गेले.

२८ जानेवारी २०१० रोजी कौन्सिलने निष्कर्ष जाहीर केले, त्यानंतर पाचच दिवसांनी ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. पुढच्या वर्षी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या डीअर यांच्या पडताळणीत, बारापैकी एकाही मुलाची हकीकत मूळ नोंदींशी नीट जुळत नसल्याचे दिसून आले. बाराही मुले आधी निरोगी होती, असे निबंध सांगत होता. पाच जणांच्या वाढीविषयीची काळजी मात्र आधीच नोंदली गेली होती.

छापील चूक दुरुस्त व्हायला बारा वर्षे लागली, याचे आम्हाला फार वाईट वाटते. खुद्द विज्ञानाने उत्तर कधीच दिले होते: डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २००२ मध्येच संशोधकांनी सांगितले होते की लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त नाही. पण बारा मुलांची गोष्ट सांगणारा डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो आणि पाच लाख मुलांचा तक्ता कपाटात जातो.

नोंदणी गेली, तरी श्रोते गेले नाहीत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सोमालियातून आलेल्या कुटुंबांना आपल्या मुलांमधील स्वमग्नतेची चिंता भेडसावत होती आणि वेकफील्ड त्यांच्या सभांना जाऊन बोलत होते. एकेकाळी ९० टक्क्यांच्या वर असलेले त्या समाजातील मुलांचे लसीकरण २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये तेथे गोवराची साथ आली आणि ७५ जणांना लागण झाली. त्यांत बहुतेक याच कुटुंबांतील मुले होती.

वेल्समधील स्वान्सी शहरात ही वेळ त्याआधीच येऊन गेली होती. नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात तेथील साथीत १,२०० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या वसंतात शनिवारी खास लसीकरण केंद्रे उघडली गेली, तेव्हा आईवडिलांसोबत रांगेत उभ्या असलेल्यांत शाळकरी मुलेमुली मोठ्या संख्येने होती. त्यांतली कित्येक जण १९९८ च्या आसपास जन्मलेली होती. तान्ही असताना चुकलेली ती सुई घेण्यासाठी ती आता बाह्या वर सरकवून आपला नंबर येण्याची वाट पाहत होती.